‘निरोगी रुग्ण’ म्हणजे नक्की कोण?

यीस्टच्या दुर्मिळ संसर्गावरचे केस रिपोर्ट वाचायला घ्या, एक शब्द हमखास भेटेल: ‘इम्युनोकॉम्पिटंट’. म्हणजे रुग्णाची प्रतिकारशक्ती ठणठणीत होती, तरी संसर्ग झालाच. माझा आक्षेप या शब्दावर आहे.

असं लिहिण्यामागचा आधार बघा. पुष्कळदा एवढाच असतो: एचआयव्ही निगेटिव्ह, मधुमेह नाही, स्टिरॉइड चालू नाहीत. पण ही तपासलेल्या गोष्टींची यादी झाली. निरोगी असल्याचा पुरावा नव्हे.

क्रिप्टोकॉकस गॅटीचं उदाहरण घ्या. १९९९ पासून कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावर याचे रुग्ण वाढले, आणि ‘धडधाकट माणसालाही गाठणारं यीस्ट’ ही त्याची ओळख पक्की झाली. पुढे गॅटीच्या अशाच काही ‘निरोगी’ रुग्णांच्या रक्तात जीएम-सीएसएफविरुद्धच्या ऑटोअँटीबॉडी सापडल्या. जीएम-सीएसएफ हे प्रथिन फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींना लढायला तयार करतं. तेच अडवलं गेलं, तर यीस्टचं फावतं. नेहमीच्या रक्ततपासणीत हा दोष दिसत नाही.

म्हणून प्रत्येक रुग्णात छुपा दोष असणारच, असंही समजू नका. सगळ्यांच्यात या अँटीबॉडी सापडत नाहीत. जंतूची ताकद आणि श्वासातून किती बीजाणू आत गेले, हेही मोजायला हवं.

तुम्ही रिव्ह्यूसाठी तक्ता कराल तेव्हा ‘निरोगी: होय/नाही’ असा रकाना ठेवू नका. ‘काय तपासलं?’ असा ठेवा. कितीतरी ओळी जवळजवळ रिकाम्या राहतील. संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडेल.