पंख ‘निकामी’ झाले म्हणजे काय?

काही पक्षी उडेनासे का झाले, या प्रश्नाचे एका बाजारू मार्गदर्शकातील उत्तर दुधनीच्या एका शिक्षकांनी आमच्याकडे पाठवले आहे. उत्तर तीनच वाक्यांचे आहे. शहामृगासारख्या पक्ष्यांची शरीरे जड झाली. त्यामुळे त्यांना उडता येईना. वापर नसल्याने पंख हळूहळू निकामी झाले. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. आमच्या मते मात्र यातले एकही वाक्य जसेच्या तसे टिकत नाही.

पहिल्या दोन वाक्यांच्या तपासणीसाठी सोलापूर जिल्ह्याबाहेर जायला नको. नान्नजच्या माळरानासाठी प्रसिद्ध असलेला माळढोक (तिथेही तो आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे) पाहा. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते, तरी तो उडतो. उलट दक्षिण अटलांटिक महासागरातील इनॅक्सेसिबल बेटावर आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला एक पक्षी आहे. वजन सुमारे ४० ग्रॅम, आणि त्याला उडता येत नाही! तेव्हा वजन हे मूळ कारण नव्हे. शहामृगाचे शंभर किलोंहून अधिक वजन हा बहुधा उडणे सुटल्याचा परिणाम असावा. उडायचे नसले की वजनावर मर्यादा राहत नाही.

तिसरे वाक्य अधिक घातक आहे, कारण ते पटकन पटते. वापर नसला की अवयव झिजतो, हे एका जन्मापुरते खरे. पण ती झीज पिलांत उतरत नाही. पिढ्यानपिढ्या कान टोचले तरी मुली बिनटोचल्या कानांनीच जन्मतात. मग पंख लहान कसे झाले? उडण्याचे छातीचे स्नायू फार खर्चिक असतात. अनेक पक्ष्यांत ते शरीराच्या वजनाच्या १५ ते २० टक्के भरतात आणि नुसते बाळगायलाही अन्न लागते. एखाद्या पिलाचे हे स्नायू जन्मतःच थोडे लहान असले, तर आपल्याकडे ते मुंगसाच्या किंवा मांजराच्या तोंडी जाईल. पण जिथे मुंगूस नाही, मांजर नाही, अशा बेटावर त्याचे काहीच बिघडत नाही. वाचलेले अन्न अंड्यांच्या, पिलांच्या कामी येते. अशांची संतती वाढत जाते. झिजले ते पंख नव्हेत. मोठ्या पंखांचे वारस कमी होत गेले.

हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेटावर हे दोनदा घडलेले दिसते. मादागास्करहून उडत आलेल्या पाणकोंबडीच्या कुळातल्या पक्ष्यांनी तिथे उडणे सोडले. सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी बेट समुद्रात बुडाले आणि ते नष्ट झाले. पाणी ओसरल्यावर त्याच जातीचे पक्षी पुन्हा उडत आले आणि त्यांच्या वंशजांनीही उडणे सोडले. जीवाश्मांवरचा हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

‘निकामी’ हा शब्दही चुकीचाच. पेंग्विन पंखांनी पाण्यात पोहतो. शहामृग धावताना वळण्यासाठी, तोल सांभाळण्यासाठी आणि मादीला रिझवण्यासाठी पंख वापरतो.

आणि मुळात उदाहरण म्हणून शहामृगच का? तो सिंहांच्या शेजारी राहतो, त्यामुळे बेटांचा हिशेब त्याला सरळ लागू पडत नाही. डायनोसॉर नष्ट झाल्यावर जमिनीवर मोठे शिकारी उरले नव्हते, त्या काळात त्याच्या पूर्वजांनी उडणे सोडले असावे, असा एक तर्क आहे. तो केवळ आफ्रिकेचा, हेही अर्धसत्य. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले आहे. ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे मानले जाते.

मार्गदर्शकाच्या लेखकांना आमची सूचना अशी, की धडा पाणकोंबडीपासून सुरू करावा. ती गावतळ्याच्या काठी मुलांना पाहता येते. दचकली की ती बहुतेकदा झुडपात पळते; उडते ती अगदीच गळ्याशी आल्यावर. तिचे पाय आणि पंख मुलांनी नीट पाहावेत, आणि तळ्याकाठी मांजर नसते तर काय झाले असते, हे त्यांना विचारावे.