चेहरा एक, सातबारा कुणाच्या नावावर?



१९७२ साल आपल्याला कशासाठी आठवतं हे तुम्हाला सांगायला नको. मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच वर्षी. इंदापूर तालुक्यात बावड्याच्या आपल्या वस्तीवर बहिष्कार पडला, परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला आपल्या बायांची विटंबना झाली, तेही त्याच वर्षी. आणि वर्ष सरता सरता एक पिक्चर लागला, 'सीता और गीता'. दिग्दर्शक रमेश सिप्पी, लिहिणारे सलीम-जावेद, आणि हेमामालिनीचा डबल रोल. त्या कामाबद्दल तिला फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं. पुढं १९८९ साली हीच गोष्ट नवे कपडे घालून 'चालबाज' म्हणून आली, तेव्हा श्रीदेवी होती.

आपले विद्यापीठी समीक्षक असल्या पिक्चरला 'गल्लाभरू' म्हणतात आणि पुढं जातात. त्यांना जाऊ द्या. आपल्या वस्तीत ज्यानं पुस्तक हातात धरलं नाही त्यालाही हा पिक्चर पाठ आहे. जे आपल्या आयाबहिणींना पाठ आहे त्याची झाडाझडती आपण नाही घ्यायची तर कुणी घ्यायची?

गोष्ट थोडक्यात अशी. श्रीमंताघरच्या दोन जुळ्या मुली. एक बंगल्यात वाढते, सीता. दुसरी गरीब वस्तीत लीला नावाच्या बाईकडं वाढते, गीता. सीतेचे आईबाप मेलेत, पैसा मागं आहे, आणि त्या पैशावर चाचा-चाची जगतात. चाची कौशल्या सीतेला मोलकरणीसारखी राबवते, चाचीचा भाऊ रंजीत तिच्यावर डोळा ठेवतो, पट्ट्यानं फोडून काढतो. सीता जीव द्यायला निघते. लोक तिला वाचवतात आणि गीता समजून वस्तीत पोचवतात. इकडं गीता सीता समजून बंगल्यात येते. ही गीता रस्त्यावर खेळ करून पोट भरणारी, तोंडाची तिखट, कुणाच्या बापाला न भिणारी. ती चाचीला कामाला लावते, छताच्या पंख्यावर चढून बसते, आणि ज्या पट्ट्यानं सीतेला मारलं तोच पट्टा रंजीतवर चालवते. त्या वेळी पिटातून ज्या शिट्ट्या पडतात त्या आपल्याच असतात. मीही वाजवलीय.

आता या शिट्टीचाच हिशोब मांडायचा आहे.

हा पिक्चर मी पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, आयच्या शेजारी बसून. माझी आय चार घरची धुणीभांडी करायची. पडद्यावर सीता लादी पुसत होती, भांडी घासत होती, वरनं चाचीच्या शिव्या खात होती, आणि आय पदरानं डोळे पुसत होती. मी विचारलं, "आये, तू का रडतीस? हे तर तू रोजच करतीस की." ती म्हणाली, "आरं, पर ती मालकीण हाय ना!"

या पिक्चरवर माझ्या आयनं केली त्याहून खरी समीक्षा मी वाचलेली नाही. रडू येतं ते लादीचं नाही, मालकिणीच्या हातात आलेल्या फडक्याचं येतं. लादी पुसणं हे दुःख नव्हे, चुकीच्या माणसानं लादी पुसणं हे दुःख. म्हणजे लादी पुसायला कुणीतरी 'बरोबर' माणूस आहे, हे आधीच ठरलेलं आहे. सीतेचा छळ संपतो तो तिची मालकी परत मिळते म्हणून. उद्या त्या बंगल्याची लादी पुसायला कुणाची तरी आय येणारच, आणि तिच्यासाठी तंबूत कुणी पदर ओला करणार नाही. सलीम-जावेदनं हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी लोकांच्या डोळ्यांत पाणी कुठं आहे ते बरोबर हेरलं. पाणी तिथं का साचतं, हा प्रश्न आपला.

आता गीतेकडं वळू. रस्त्यावर दोरावर चालणारी, ढोलकीवर नाचणारी, उड्या मारणारी मुलगी. आपल्या मुलखात हे काम कोण करतं? डोंबारी करतात, कोल्हाटी करतात. पिक्चर जातीचं नाव घेत नाही. दोर दाखवतो, पण ज्या पायांनी पिढ्यान्पिढ्या दोर तुडवला त्यांचं नाव सांगत नाही. बरं, एक विचार करा. गीता ओरडून सांगते, मी सीता नाही, मी सीता नाही! कुणी ऐकत नाही, कारण चेहरा बंगल्यातल्या मुलीचा आहे. म्हणजे ओळख चुकते ती वरच्या बाजूला. खऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीची ओळख कुठल्या बाजूला चुकते? इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि भटक्यांतल्या कितीतरी जमातींवर जन्मतःच चोराचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पालावरची पोर ठाण्यात उभी राहून 'ती मी नव्हेच' म्हणाली, तर तिला हरवलेली वारसदार समजून गाडीत बसवत नाहीत, परवाच्या घरफोडीत बसवतात. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तरीही मी म्हणतो, या पिक्चरच्या पोटात एक स्फोटक गोष्ट आहे. दोन मुली, एक चेहरा, एक अंग. एक भित्री, एक वाघीण. का? एक बंगल्यात दाबून ठेवलेली, दुसरी रस्त्यावर झगडून वाढलेली. म्हणजे माणूस घडतो तो जन्मानं नाही, जगण्यानं. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात बुद्ध दोन ब्राह्मण तरुणांना हेच सांगतात: गवत, झाडं, किडे, जनावरं यांच्यात जन्माची वेगळी वेगळी चिन्हं असतात, माणसाच्या अंगावर तसलं चिन्ह सापडत नाही. हेमामालिनी एकाच अंगानं दोन्ही भूमिका करते तेव्हा हाच पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. गीतेला साडी नेसवा, ती सीता. सीतेला वस्तीत सोडा, ती गीता. बाकी सगळं कापडाचं, भाषेचं आणि भाकरीचं.

पण एवढं दार उघडून पिक्चर उंबऱ्यावरच थांबतो. गीता वाघीण का, तर रस्त्यावर वाढली म्हणून. मग तिला बंगल्यात राहायचा हक्क कशानं मिळतो? रस्त्यावर वाढली म्हणून नाही, तिनं त्या घरातली आजी आणि सीता यांना वाचवलं म्हणूनही नाही. ती त्याच घरचं रक्त निघाली म्हणून. तिच्या हातातला पट्टा कष्टकरी पोरीचा वाटला, म्हणून आपण शिट्टी मारली. शेवटी कळतं, तो पट्टाही घरचाच होता. मालकिणीनंच मालकिणीचा सूड घेतला. खऱ्या वस्तीतल्या मुलीनं, जिचा त्या घराशी रक्ताचा काही संबंध नाही अशीनं, हाच पट्टा त्याच रंजीतवर उगारला असता तर? तिची गोष्ट बक्षिसापर्यंत गेली नसती, पंचनाम्यापर्यंत गेली असती.

ही खोड जुनी आहे. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवायचं, त्याच्या पराक्रमानं डोळे दिपवायचे, आणि शेवटी सांगायचं की तो कुंतीचाच! मग राधेच्या हाती काय राहिलं? इथल्या लीलेचं तेच. चोरून का होईना, जिनं पोर वाढवली, जिच्या घरात गीता गीता झाली, ती बाई शेवटी सत्य सांगण्यापुरती उरते. तिच्यातलं काही गीतेत उतरलं असेल, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

मुळात हा साचा दक्षिणेतून आला. १९६४ साली तेलुगूत 'रामुडु भीमुडु', एन. टी. रामाराव दोन्ही भावांच्या भूमिकेत. १९६५ साली तमिळमध्ये 'एंग वीट्टु पिळ्ळै', एम. जी. रामचंद्रन. १९६७ साली हिंदीत 'राम और श्याम', दिलीपकुमार, आणि समोर चाबूक घेतलेला प्राण. तिन्हींचा दिग्दर्शक एकच, तापी चाणक्य. तिथं भित्रा भाऊ इस्टेटीचा वारस आहे आणि मेहुणा त्याला चाबकानं फोडतो. दुसरा भाऊ येऊन चाबूक हिसकावतो. (पडद्यावर चाबूक हिसकावणारे रामाराव आणि रामचंद्रन दोघंही पुढं मुख्यमंत्री झाले. जनतेला चाबूक कुणाच्या हातात पाहायला आवडतं, त्यावर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहावा.) सिप्पींनी भावांच्या जागी बहिणी आणल्या, आणि चाबकाबरोबर धुणंभांडी आली. माझ्या मते पिक्चर मूळ साच्याहून मोठा झाला तो इथं. बाईचं घरातलं काम पडद्यावर आलं, कुठल्याही कारणानं का होईना.

एका जागी मात्र सिप्पी-सलीम-जावेदला मोकळ्या मनानं दाद देतो. राका. धर्मेंद्र. गीतेबरोबर रस्त्यावर खेळ करणारा. तो कुणाचा हरवलेला मुलगा निघत नाही, त्याच्या दंडावर तीळ सापडत नाही, गळ्यात ताईत सापडत नाही. जसा आहे तसाच राहतो आणि शेवटी बंगल्यातल्या सीतेशी लग्न करतो. गीतेचं लग्न डॉक्टर रवीशी होतं ते फार अवघड नाही, ती आता घरचीच आहे. राकाचं लग्न अवघड होतं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाहाला जातीवरचा खरा उपाय म्हटलं होतं. इथं तो उपाय, जात न उच्चारता, हसतखेळत पार पडतो. जात उच्चारली असती तर पार पडला असता का, ते तुम्हीच ठरवा.

आता उलट बाजूची उदाहरणं बघा. मार्क ट्वेननं १८८१ साली 'द प्रिन्स अँड द पॉपर' लिहिलं. राजपुत्र एडवर्ड आणि लंडनच्या गलिच्छ गल्लीतला टॉम कँटी, दोघं दिसायला एक, पण भाऊ नव्हेत. आया वेगळ्या, बाप वेगळे. कपडे बदलले की जग बदलतं, आणि राजपुत्राला आपल्याच राज्यातले कायदे गरिबाच्या पाठीवर कसे पडतात ते कळतं. शेवटी गादी राजपुत्रालाच, हे खरं. पण टॉमला माणूस ठरवण्यासाठी ट्वेनला राजाचं रक्त लागलं नाही. १९४० साली चॅप्लिननं 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये त्याच्याही पुढं मजल मारली. ज्यूंचा नायनाट करायला निघालेला हुकूमशहा आणि ज्यू वस्तीतला न्हावी, दोघांचा चेहरा एकच, नातं काहीच नाही. न्हाव्याला हुकूमशहा समजून फौजेसमोर उभं करतात आणि तो माणुसकीचं बोलतो. तिथं कुणी येऊन सांगत नाही की अरे, हा तर हुकूमशहाचाच भाऊ! सांगितलं असतं तर पिक्चर तिथंच मेला असता.

आणि लांब कशाला जायचं? मराठीत ओळख चुकल्याची सगळ्यात जळजळीत गोष्ट बाबूराव बागुलांची आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती', पुस्तक १९६३ चं. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून भाड्याच्या खोलीत राहतो. लोक त्याला आपल्यातलाच समजतात, मान देतात. जात उघडी पडते आणि तेच लोक त्याला मार मार मारतात. दोन तासांपूर्वीचा चेहरा आणि आताचा चेहरा एकच. इथं जुळी बहीण नको, डबल रोल नको, एकाच माणसात दोघं आहेत. पिक्चरमध्ये गुपित फुटलं की माणूस वर चढतो. आपल्यात गुपित फुटलं की खोली सोडावी लागते. शहरात घर भाड्यानं बघायला गेलेल्या कुणालाही विचारा. 'आडनाव काय म्हणालात?' इथपर्यंत आपण सगळे जुळेच असतो. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'तला (२०१३) जब्याही कुणाचा हरवलेला वारस निघत नाही, म्हणून त्याच्या हातातला दगड आपल्या कपाळावर बसतो.

हे सगळं आज का लिहितोय? आपल्या वस्तीतल्या दोन पोरांनी पथनाट्य लिहिलंय. खर्डा माझ्याकडं वाचायला आला. वाड्यातला एक पोरगा, बौद्धवाड्यातला एक पोरगा, तोंडावळा एक, एकाच नटानं टोपी बदलून दोन्ही करायचं. भन्नाट कल्पना. पाटलाच्या पोराला वस्तीतला समजून पाणवठ्यावर धरतात तो प्रवेश तर मी दोनदा वाचला. पण शेवट? आपला पोरगा पाटलाचाच निघतो! गावकरी माफी मागतात, सगळे एकत्र जेवतात. म्हटलं, पोरांनो, वस्तीसमोर हे करणार? आपली पोरं हुशार निघाली की त्यांच्या अंगात दुसऱ्या कुणाचं तरी रक्त शोधायचं, हा तर त्यांचाच धंदा. तुमची आय पुढच्या रांगेत बसणार, तिला काय सांगणार, हे पोर तुझं नव्हतं म्हणून?

दोघं तावातावानं भांडले. एक म्हणाला, "सर, लोकांना शेवट गोड लागतो." बरोबर आहे, लागतोच, म्हणून तर सिप्पींचा गल्ला भरला. दुसरा दोन दिवस गप्प होता. आता दुसरा खर्डा आलाय. दोन आया, दोन घरं, नातं काही नाही. पाणवठ्याचा प्रवेश तसाच आहे. शेवट अजून बसलेला नाही. दोघं समोरासमोर येतात तिथं एकच नट कसा पुरवायचा, हीच मोठी अडचण. बहुतेक दुसऱ्या पोराला तोंडावर फडकं बांधून उभं करतील. येत्या रविवारी समाजमंदिरात तालीम आहे, ज्यांना जमेल त्यांनी संध्याकाळी सहाला यावं.