उत्क्रांतिवाद, सांस्कृतिक
मानवी समाज साध्या अवस्थेतून क्रमाक्रमाने गुंतागुंतीच्या अवस्थेकडे जातात, या गृहीतकावर संस्कृतीचा इतिहास मांडणारी विचारसरणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरातत्त्वविद्या व मानवशास्त्र ही दोन्ही शास्त्रे तिच्या छायेत वाढली. तिचे जनकत्व चार्ल्‌स डार्विनकडे देण्याचा प्रघात आहे. तो फारसा बरोबर नाही. क्रिस्त्यान थॉमसनने (१७८८–१८६५) कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तूंची अश्म, ब्राँझ व लोह या तीन युगांत लावलेली संगती १८३६ मध्येच प्रसिद्ध झाली होती. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. शिवाय नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतात पूर्वनियोजित पायऱ्या नाहीत. पायऱ्यांची कल्पना अठराव्या शतकातील प्रगतिवादाची आहे.

थॉमसनची संगती येन्स वॉर्सोने (१८२१–८५) उत्खननातील थरांवरून पडताळली. मानवशास्त्राजवळ असे थर नव्हते. म्हणून जॉन लबकने (१८३४–१९१३) अश्मयुगीन मानवाचे जीवन समकालीन आदिवासींवरून रंगविले आणि आदिवासींना अश्मयुगाचे अवशेष ठरविले. हा तर्क चक्राकार होता. शिवाय त्यामुळे हयात समाज आपोआप भूतकाळात ढकलले गेले.

लूइस मॉर्गनने (१८१८–८१) एन्शंट सोसायटी (१८७७) या ग्रंथात वन्य, रानटी व नागर अशा अवस्था कल्पिल्या आणि मातीची भांडी ही रानटी अवस्थेची खूण मानली. परिणामी शेती, वंशपरंपरागत सरदारवर्ग व दूरचे नौकानयन असलेले पॉलिनीशियन लोक वन्यावस्थेच्या मधल्या पायरीवर बसले. पुढे उत्खननांत दिसून आले, की त्यांचे लापिता संस्कृतीचे पूर्वज सु. ३,००० वर्षांपूर्वी नक्षीदार भांडी घडवीत होते. ती कला नंतर बहुतेक बेटांवर लोपली. मॉर्गनच्या शिडीला ही उलटी वाट ठाऊक नव्हती.

पिट-रिव्हर्झने (१८२७–१९००) ऑस्ट्रेलियन आदिवासींची शस्त्रे साध्या काठीपासून ढाल व बूमरँगपर्यंत क्रमाने मांडली. मांडणी देखणी होती. पण वस्तू समकालीन होत्या, क्रम संग्राहकाचा होता. अमेरिकेतील अशाच संग्रहालयीन मांडणीवर फ्रांट्स बोॲसने (१८५८–१९४२) १८८७ मध्ये घेतलेला आक्षेप मूलगामी ठरला : सारख्या वस्तूंमागे भिन्न कारणे असू शकतात आणि समाजापासून तोडलेल्या वस्तूचा अर्थ कळत नाही. त्याच्या अनुयायांनी मात्र तुलनेचाच धसका घेतला, हा दुसरा टोकाचा दोष होय.

ज्यूलियन स्ट्यूअर्डने (१९०२–७२) बहुरेषीय उत्क्रांतीची कल्पना मांडून परिसराला महत्त्व दिले. तिची उपयुक्तता पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननावरून ध्यानात येते. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी प्रशस्त चौकोनी घरांत राहत, इ. स. पू. सु. १००० नंतर त्याच वस्तीत लहान गोल झोपड्या आढळतात, शेती घटते व पशुपालन आणि शिकार यांवरील भर वाढतो. म. के. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. ते सर्वांना मान्य नसले, तरी थरांचा पुरावा नि:संदिग्ध आहे : येथे गोल झोपडी चौकोनी घराच्या नंतरची आहे.