सुधारित चवळी बियाण्याचा प्रसार आणि कोरडवाहू अल्पभूधारक : पश्चिम आफ्रिकेतील प्रयत्नांची चिकित्सा

प्रस्तावना :

चवळी हे मूळचे आफ्रिकेतील कडधान्य होय. त्याचे रानटी पूर्वज आजही त्याच खंडात आढळतात. जगातील चवळीच्या उत्पादनात नायजेरिया पहिल्या व नायजर दुसऱ्या क्रमांकावर असून बुर्किना फासो, माली, सेनेगल या देशांतही हे पीक मोठ्या क्षेत्रावर घेतले जाते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील या 'साहेल' पट्ट्यात पाऊस साधारणतः जून ते सप्टेंबर एवढाच पडतो आणि तोही खंड पाडून. अशा प्रदेशात बाजरी व ज्वारीच्या ओळींमध्ये पेरलेली चवळी माणसाला प्रथिने, जनावराला चारा आणि जमिनीला नत्र पुरविते. लवकर येणाऱ्या वाणाच्या हिरव्या शेंगा तर जुने धान्य संपून नवे हाती येण्याआधीच्या कठीण दिवसांत घर सावरतात. त्यामुळे चवळीच्या चांगल्या बियाण्याचा प्रश्न हा केवळ कृषिशास्त्राचा न राहता अन्नसुरक्षेचा व सामाजिक न्यायाचा प्रश्न ठरतो.

गेल्या काही दशकांत या भागात सुधारित चवळी बियाण्याचे उत्पादन वाढविण्याचे अनेक प्रकल्प झाले. त्यांची फलनिष्पत्ती बहुधा किती टन बियाणे तयार झाले, किती शेतकऱ्यांना प्रशिक्षण मिळाले व किती हेक्टरवर नवे वाण पोहोचले, या आकड्यांत मांडली जाते. हे आकडे आवश्यक आहेत. परंतु ते पुरेसे आहेत काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रकल्प संपल्यावर बियाणे कोण तयार करतो, कोणासाठी करतो आणि त्याचा खर्च कोण उचलतो, या प्रश्नांच्या आधारे येथे या प्रयत्नांची चिकित्सा केली आहे.

संशोधनाची जमेची बाजू :

चिकित्सेपूर्वी या कार्याचे श्रेय मान्य करणे उचित ठरेल. नायजेरियातील इबादान येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेच्या जनुकपेढीत चवळीचे १५,००० हून अधिक नमुने जतन केलेले आहेत. ज्वारीच्या पिकात आढळणाऱ्या टारफुल्याच्याच वंशातील एक परोपजीवी तण साहेलमध्ये चवळीच्या मुळांवर जगते व पिकाचे मोठे नुकसान करते. त्यास प्रतिकारक असलेले 'आयटी ९७ के-४९९-३५' हे वाण नायजेरियात २००८ मध्ये प्रसारित झाले. २००७ ते २०१९ या काळात राबविलेल्या उष्णकटिबंधीय कडधान्य प्रकल्पाचे नेतृत्व हैदराबादजवळील पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या संस्थेकडे होते. कोरडवाहू भारत आणि कोरडवाहू आफ्रिका यांना जोडणारा हा एक महत्त्वाचा दुवा होय.

साठवणुकीच्या क्षेत्रातील यशही दुर्लक्षिता येणार नाही. चवळीला भुंगेऱ्याचा उपद्रव फार मोठा असतो व काही महिन्यांतच दाण्याची चाळण होते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमधील कामातून तीन थरांची हवाबंद पिशवी विकसित केली. आतील प्राणवायू संपल्याने भुंगेरे मरतात आणि कीटकनाशकाची गरज उरत नाही. २००७ नंतर या पिशवीचा पश्चिम आफ्रिकेत व्यापक प्रसार झाला. बियाण्याच्या दृष्टीने या साध्या साधनाचे मोल किती आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

टंचाईचे गणित :

सुधारित बियाण्याच्या टंचाईचे कारण म्हणून पैदासकार व पायाभूत बियाण्याच्या तुटवड्याचा उल्लेख वारंवार केला जातो. येथे एक साधा हिशेब उपयुक्त ठरेल. हेक्टरी २० किलो बियाणे आणि बीजोत्पादनाच्या चांगल्या शेतात ८०० किलो उत्पन्न असे गृहीत धरल्यास एका किलोचे एका हंगामात ४० किलो होतात. दहा लाख हेक्टर क्षेत्रासाठी २०,००० टन बियाणे लागेल. शेतकऱ्याने दर चार वर्षांनी बियाणे बदलावे असे मानल्यास वर्षाला ५,००० टन प्रमाणित बियाणे पुरेसे होते. त्यासाठी १२५ टन पायाभूत बियाणे व त्यासाठी जेमतेम ३ टनांच्या आसपास पैदासकार बियाणे हवे. पायाभूत बियाण्यास सुमारे १५६ हेक्टर आणि प्रमाणित बियाण्यास ६,२५० हेक्टर जमीन लागेल.

प्रत्यक्षात उत्पन्न कमी आले व काही माल नापास झाला, तरी ही गरज दुप्पट-तिप्पट होईल. शंभरपट होणार नाही. म्हणजेच शास्त्रीय दृष्ट्या ही अडचण दुर्लंघ्य नाही. तरीही टंचाई वर्षानुवर्षे टिकून राहते, याचा अर्थ तिचे मूळ शेताबाहेर, बियाण्याच्या अर्थव्यवहारात शोधावयास हवे.

स्वपरागसिंचित पिकाचे अर्थशास्त्र :

चवळी हे प्रामुख्याने स्वपरागसिंचित पीक आहे. संकरित मक्याचे किंवा कपाशीचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. चवळीचे घरचे दाणे मात्र पुढील हंगामात जवळजवळ तसेच पीक देतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पिकाचा मोठा गुण आहे. बियाणे कंपनीच्या दृष्टीने हाच दोष ठरतो, कारण एकदा विकलेला ग्राहक पुन्हा केव्हा येईल याची शाश्वती नसते. असे असूनही अनेक प्रकल्पांच्या आराखड्यांत 'काही वर्षांनी खाजगी क्षेत्र ही जबाबदारी उचलेल' असे गृहीत धरलेले दिसते. मक्याच्या बाजारपेठेचा हा नमुना चवळीवर लादणे ही या विचारसरणीतील पहिली त्रुटी होय.

दुसरी त्रुटी दरासंबंधी आहे. काढणीच्या वेळी चवळीचा भाव पडलेला असतो आणि पेरणीच्या तोंडावर तो चढतो. बीजोत्पादक शेतकऱ्याला मात्र सहा-आठ महिने माल सांभाळणे, भेसळ झाडे उपटणे, तपासणीचे शुल्क भरणे आणि भुंगेऱ्यापासून राखण करणे हा खर्च आधी करावा लागतो. पेरणीच्या वेळी धान्याचा भावच बियाण्याच्या भावाजवळ येऊन ठेपला, तर त्या साऱ्या कष्टांचा मोबदला उरत नाही. अशा वेळी निवडलेले बियाणे धान्य म्हणून बाजारात जाते आणि कागदावर तयार झालेले टन शेतापर्यंत पोहोचत नाहीत. प्रकल्प चालू असताना ही बाब झाकली जाते, कारण तयार झालेले बियाणे खुद्द प्रकल्प, शासन किंवा मदतसंस्था विकत घेतात. एकच मोठा गिऱ्हाईक असलेला बाजार त्या गिऱ्हाइकाबरोबरच संपतो.

'सुधारित' कोणासाठी?

सुधारणा या शब्दाचा अर्थ पीकपद्धतीनुसार बदलतो. संशोधन केंद्रावर निवडलेली अनेक वाणे उभट वाढीची, ६० ते ८० दिवसांत येणारी आणि सलग पेरणीत कीटकनाशकाच्या फवारणीसह भरघोस दाणा देणारी असतात. साहेलमधील अल्पभूधारक चवळी बहुधा बाजरीत आंतरपीक म्हणून घेतो. फवारणीचा पंप व औषध त्याला परवडत नाही. पसरट वाढीचे, दिवस लहान होऊ लागल्यावर फुलणारे स्थानिक वाण दाणा कमी देते, पण कोरड्या ऋतूत विकता येईल असा चाऱ्याचा वेल देते. हा चारा अनेक घरांत रोख पैशाचे साधन असतो. केवळ दाण्याच्या वजनावर तुलना केल्यास शेतकऱ्याने जुने वाण राखणे अज्ञानाचे लक्षण वाटते. चारा हिशेबात घेतल्यास तोच निर्णय शहाणपणाचा ठरतो. दाणा व चारा अशी दोन्ही उद्दिष्टे साधणारी वाणे संशोधकांनी पुढे विकसित केली, हीच या आक्षेपाच्या सयुक्तिकतेची पावती होय.

स्त्रियांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. चवळी भिजवून, वाटून तिचे तळलेले वडे रस्त्यावर विकणे हा पश्चिम आफ्रिकेतील असंख्य स्त्रियांचा व्यवसाय आहे. दाण्याचा रंग, सालीचा पोत, शिजण्यास लागणारा वेळ व इंधन यांविषयी त्यांचे मत निर्णायक असते. वाणनिवडीच्या वेळी हे मत विचारात न घेतल्यास अधिक उत्पन्न देणारे वाणही बाजारात मागे पडते. शिवाय प्रमाणित बीजोत्पादनासाठी सलग, विलग व स्वतःच्या ताब्यातील जमीन लागते. स्त्रियांच्या वाट्यास येणारे लहान तुकडे या अटीत बसत नाहीत, आणि प्रशिक्षणाच्या यादीत नाव असूनही बीजोत्पादक म्हणून त्यांची नोंद होत नाही.

जनुकपरिवर्तित चवळीचा अनुभव :

शेंगा पोखरणाऱ्या अळीस प्रतिकारक असे जनुकपरिवर्तित वाण नायजेरियाने २०१९ मध्ये 'सॅम्पी २०-टी' या नावाने नोंदविले व २०२१ मध्ये ते शेतकऱ्यांसाठी खुले झाले. फवारणी कमी व्हावी हा त्याचा हेतू स्वागतार्ह आहे. मात्र हा प्रतिकार फुलकिडे, मावा किंवा साठवणुकीतील भुंगेरे यांना लागू नाही. तसेच डोळ्यांनी पाहून हे दाणे साध्या दाण्यांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. घरच्या बियाण्यात मिसळ झाल्यास एक-दोन हंगामांतच शेतकऱ्याला आपण नेमके काय पेरले हे कळेनासे होईल. तंत्रज्ञान जितके प्रगत, तितकी बियाण्याच्या विश्वासार्ह साखळीची गरज अधिक, हा निष्कर्ष येथे अपरिहार्य ठरतो. वाण बदलल्याने साखळीचा प्रश्न सुटत नाही. तो अधिक तीव्र होतो.

प्रमाणन आणि गुणवत्ता :

पश्चिम आफ्रिकी आर्थिक समुदायाने २००८ मध्ये सदस्य देशांसाठी सामाईक बियाणे नियमावली स्वीकारली. एका देशात नोंदलेले वाण शेजारच्या देशातही सहज विकता यावे हा तिचा उद्देश होता. जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो व नायजर हे तिन्ही देश त्या समुदायातून बाहेर पडले. चवळीच्या पट्ट्यातील हेच प्रमुख देश असल्याने नियमांच्या एकवाक्यतेपुढे नवे प्रश्न उभे राहिले आहेत. त्यातच बुर्किना फासो व ईशान्य नायजेरियासारख्या अशांत भागांत बीजतपासणी अधिकाऱ्याने वेळेवर शेतात पोहोचणे अवघड आहे. केवळ राजधानीतील शिक्क्यावर उभी असलेली व्यवस्था अशा ठिकाणी निरुपयोगी ठरते.

यास पर्याय उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९३ मध्ये मांडलेल्या व २००६ मध्ये सुधारलेल्या 'गुणवत्ता घोषित बियाणे' पद्धतीत उत्पादक स्वतः गुणवत्तेची हमी देतो आणि शासकीय यंत्रणा ठरावीक नमुनेच तपासते. नायजरमधील मरादी भागात 'फुमा गास्किया' या शेतकरी महासंघाने संशोधकांसमवेत वाणनिवडीचे व स्थानिक बियाणे प्रसाराचे काम केले आहे. ओळखीच्या माणसाकडून घेतलेल्या बियाण्यात जो विश्वास असतो, त्याला किमान चाचणीची जोड देणे हा या मार्गाचा गाभा आहे.

महाराष्ट्राचा अनुभवही येथे बोलका आहे. २०२० च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या. सोयाबीन हेही स्वपरागसिंचित पीक. अशा वेळी घरच्या बियाण्याची गोणपाटावर उगवण तपासून पेरणी करण्याचा सल्ला कृषी विभागाने आग्रहाने दिला. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने भारतीय शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, देवाणघेवाणीचा व नाममुद्रेविना विकण्याचा हक्क दिलेला असल्याने या सल्ल्यास कायद्याचाही आधार होता. पिशवीवरील खूणचिठ्ठी आणि दाण्याची उगवणक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढा बोध दोन्ही खंडांस समान आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. चवळीच्या सुधारित बियाण्याची टंचाई ही मुख्यत्वे गुणनक्षमतेची नसून संस्थात्मक व आर्थिक स्वरूपाची आहे. पैदासकार व पायाभूत बियाण्याची अल्प पण नियमित गरज सार्वजनिक निधीतूनच भागवली पाहिजे. ती खाजगी क्षेत्रावर सोपविणे व्यवहार्य नाही.

२. घरचे बियाणे हे प्रसाराचे अपयश न मानता प्रसाराचे माध्यम मानले पाहिजे. एक-दोन किलोच्या लहान पुड्या स्वस्तात देऊन पुढील गुणन शेतकऱ्याच्या घरी होऊ दिल्यास नवे वाण कमी खर्चात दूरवर जाते. हवाबंद पिशवीचे खरे मोल येथेच आहे, कारण भुंगेऱ्यापासून वाचलेला प्रत्येक दाणा पुढील वर्षाचे बियाणे असतो.

३. वाणाचे मूल्यमापन दाणा, चारा, शिजण्याची प्रत व आंतरपिकातील वर्तन या सर्व निकषांवर आणि स्त्रियांच्या सहभागाने व्हावे.

४. प्रकल्पाचे यश अखेरच्या वर्षातील टनांवर न मोजता, प्रकल्प संपल्यानंतर तीन वर्षांनी किती उत्पादक बियाणे विकत आहेत आणि दुष्काळी वर्षानंतर गरीब घराला पेरणीपूर्वी बियाणे कोठे मिळाले, यावर मोजावे.

यांतील शेवटचा निकष सर्वांत कठोर आहे. दुष्काळात पोटासाठी बियाणेही शिजवावे लागते, आणि ज्याच्या घरी ते शिजते त्याच्याच हाती पुढच्या पावसाळ्यात विकत घेण्यास पैसा नसतो. सुधारित बियाण्याची कोणतीही योजना त्या घरापर्यंत त्या वेळी पोहोचली नाही, तर इतर वर्षांतील तिची आकडेवारी कितीही समाधानकारक असली तरी कोरडवाहू अल्पभूधारकाच्या दृष्टीने ती अपुरीच राहील.