लग्नानंतरचे प्रकरण

दिवाळी अंक घरात आला की आधी व्यंगचित्रे पाहिली जातात, मग राशिभविष्य, आणि फराळाच्या ताटल्या उचलल्या गेल्या म्हणजे कथांची पाळी येते. त्या कथांत एक तरी कथा दुःखातून सावरणाऱ्या बाईची असते. नवरा अकाली गेलेला, पदरात मूल, सासरी थारा नाही. ती शिवणाचे यंत्र घेते किंवा कुठेतरी नोकरी धरते. मग एक समजूतदार गृहस्थ तिच्या आयुष्यात येतो, आणि शेवटच्या परिच्छेदात दोघे मिळून पणती लावतात. अशा कथांना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते. दुःख वाचून झाल्यावर वाचकाला जी सुखाची भूक लागते ती खरी असते, हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार सुखाबद्दल नाहीच. ते सुख कथेत कुठे ठेवले आहे, याबद्दल आहे.

लग्न हे औषध, आणि ते एकदा घशाखाली उतरले की दुखणे बरे झाले, असे आपला कथाकार धरून चालतो. म्हणून लग्न लागले की तो लेखणी खाली ठेवतो. माझ्या मागच्या कादंबरीनंतर एका वाचक बाईंचे पत्र आले होते. "तिचे लग्न लावून का दिले नाही? एवढे सोसले बिचारीने!" असे त्यांनी लिहिले होते. त्या पत्रातली माया मला कळली. पण त्याच पत्रामुळे मी आपल्या जुन्या पुस्तकांकडे पुन्हा वळले आणि या प्रश्नाचे उत्तर तिथे कसे दिले आहे ते पाहू लागले.

मराठी कादंबरीचा आरंभच मुळी विधवेपासून झाला आहे. १८५६ साली पुनर्विवाहाचा कायदा झाला आणि १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, आणि पुढे स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि ख्रिस्ती गृहस्थाशी तिचे लग्न होते. म्हणजे आपल्या पहिल्या कादंबरीतही औषध शेवटच्या पानावरच आहे. फक्त ते घेण्यासाठी तिला धर्म बदलावा लागला. पदमनजींना आपले मत सांगायचे होते आणि ते त्यांनी सांगितले. यमुनेचा दुसरा संसार कसा झाला, हे मात्र आपल्याला कधीच कळत नाही.

त्यानंतर तीसेक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्ष्यात कोण घेतो' लिहिली. 'करमणूक' पत्रात ती १८९० पासून १८९३ पर्यंत क्रमशः येत होती. हिची नायिकाही यमूच. पण हरिभाऊंची यमू स्वतः बोलते, आणि तिथेच ती पदमनजींच्या यमुनेला कितीतरी मागे टाकते. रघुनाथरावांबरोबर मुंबईत काढलेले तिचे दिवस वाचताना आजही वाटते की, बिऱ्हाडातल्या साध्या सुखाचे इतके नितळ चित्र आपल्याकडे फार थोडे आहे. म्हणूनच पुढे शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचे केशवपन होते तेव्हा वाचकाच्या पोटात कालवते. यमू जगत नाही. हरिभाऊंनी तिला जगवले का नाही, असा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. मला वाटते, ते खोटे लिहिणारे लेखक नव्हते. त्या घरात, त्या माणसांत, त्या यमूला जगता आले नसते, हे त्यांनी ओळखले होते आणि ते तसेच लिहिले.

आणि नेमके त्याच वर्षी, १८९३ च्या मार्चमध्ये, त्याच पुणे शहरात एका खऱ्या विधवेचे लग्न झाले. वर होते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे, वय पस्तिशीला आलेले. वधू गोदूबाई, त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण, देवरुखची, वय अठ्ठावीसच्या सुमाराचे. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली होती. त्या काळच्या विधुराने वर्षाच्या आत दहा-बारा वर्षांची मुलगी करायची, हा रिवाज होता. मी दुसरेपणी लग्न केले तर विधवेशीच करीन, असे कर्व्यांनी ठरवले आणि तसे केले. ही हकिकत आपण शाळेतही शिकतो, मीही शिकवते. पण शाळेच्या पुस्तकातही ती लग्नापाशीच संपते. पुढे लगेच आश्रम, विद्यापीठ, भारतरत्न. मधली बाई कुठे गेली, असे एखाद्या मुलीने विचारले तर गुरुजींची पंचाईत होते.

ती बाई कुठे गेली ते तिने स्वतःच सांगून ठेवले आहे. लग्नात गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवले गेले, पण पुढे त्यांना सगळे 'बाया' म्हणूनच ओळखू लागले. त्यांचे 'माझे पुराण' १८९३ नंतर तब्बल एक्कावन्न वर्षांनी, १९४४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. पुस्तकाचे नावच पाहा. आत्मचरित्र नाही, आत्मवृत्त नाही, पुराण! म्हातारी माणसे सांगत बसली की घरातली तरुण मंडळी ज्या शब्दाने थट्टा करतात, तोच शब्द त्यांनी आपल्या पुस्तकावर घातला. लिहिण्यात कसब म्हणून काही नाही. ओसरीवर बसून बोलावे तसे त्या बोलतात. मध्येच मागे जातात, मध्येच पुढे. हरिभाऊंच्या यमूला जी वाचा लेखकाने दिली, ती इथे बाईने स्वतःच घेतली आहे.

या पुस्तकाने मला एक गोष्ट शिकवली आणि ती आपल्या कथाकारांच्या कानावर घालावी असे वाटते. आपण दुसऱ्या लग्नाची कथा लिहितो तेव्हा असे समजतो की, एक माणूस गेले, जागा रिकामी झाली, आणि दुसऱ्या माणसाने ती भरली. बायांच्या बाबतीत हा हिशेबच चुकतो. आठव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा वारला. ज्याला नीट पाहिलेही नाही त्या माणसाचे दुःख त्या पोरीला काय होणार? तिचे दुःख त्याच्या जाण्याचे नव्हतेच. त्याच्या जाण्याने तिला घरात जी जागा दिली गेली, तिचे ते दुःख होते. राबायचे, मागे राहायचे, शुभकार्यात दिसायचे नाही. आणि हे वीस वर्षे. ही जखम नव्या नवऱ्याने बुजत नाही, कारण ती जुन्या नवऱ्याने केलेलीच नव्हती.

मग ती बुजली कशाने? माझ्या मते ती लग्नाच्या चार वर्षे आधीच बुजू लागली होती. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाई दाखल झाल्या. वय चोविशीचे. त्या वयाची बाई लहान मुलींबरोबर धडे घ्यायला बसली आहे, हे चित्र मी वर्गात उभी असताना पुष्कळदा डोळ्यांपुढे आणते. शिकवणाऱ्या रमाबाईंचे तरी काय राहिले होते? आईबाप दुष्काळाच्या वणवणीत गेले, भाऊ गेला, १८८० साली बिपिनबिहारींशी लग्न झाले आणि १८८२ साली तेही गेले. हाताशी एक लहान मुलगी. एका जखमी बाईने दुसरीच्या हातात पाटी दिली. आपल्या रूढ कथेत हा भाग असलाच तर दोन ओळींत उरकला जातो, कारण त्यात नायक नसतो. वास्तविक कर्व्यांना जी बाई भेटली ती शारदा सदनात उभी राहिलेली बाई होती, माजघरात कोपऱ्यात बसलेली नव्हे.

लग्नानंतर काय झाले? मुरुडला कर्व्यांच्या घरावर बहिष्कार पडला. जे आप्त प्रेमाचे होते त्यांनाही यांच्याबरोबर उठता-बसता येईना. कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली, ती १९०० साली हिंगण्याला नेली, आणि ते पुण्याहून तिथे रोज पायी जाऊ-येऊ लागले. घरची पुंजी संस्थेच्या कामी लागू लागली. घर चालवायचे कोणी? बायांनी. त्यातला सर्वांत अवघड पेच तर पुढेच आहे. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता. तो विधवांची लग्ने लावण्यासाठी आहे असा संशय लोकांना आला असता तर कोणी आपल्या मुली पाठवल्या नसत्या. तेव्हा पुनर्विवाह केलेल्या बाईने तिथे फार वावरणे परवडण्यासारखे नव्हते. आणि ती बाई म्हणजे संस्थापकाची पत्नी! ज्या लग्नामुळे हे सगळे सुरू झाले, तेच लग्न दाराबाहेर ठेवावे लागले. हा पेच एखाद्या कादंबरीकाराने कल्पनेने रचला असता तर आपण त्याला शाबासकी दिली असती.

या सगळ्याबद्दल बाया रागावतात. सरळ रागावतात. पतीच्या मोठेपणाची पूजा बांधून त्या गप्प बसत नाहीत आणि त्यांना खलपुरुषही करत नाहीत. मला हे फार मोलाचे वाटते. कारण जिला वीस वर्षे 'हूं' म्हणायची चोरी होती, ती आता नवऱ्याशी पैशांवरून भांडते आहे! भांडायला आपली जागा लागते, आपले म्हणणे ऐकले जाईल असा भरवसा लागतो. प्रेम या शब्दाची त्या पुस्तकात उधळण नाही. पण या भरवशाला दुसरे काय म्हणायचे ते मला सुचत नाही.

कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली निघाले होते. गणिताच्या शिक्षकाला शोभेल असे ते नेमस्त, हिशेबी आणि प्रामाणिक पुस्तक आहे. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत. नवऱ्याच्या पुस्तकात कार्य मोठे होत जाताना दिसते. बायकोच्या पुस्तकात त्या कार्याचे ओझे कोणाच्या पाठीवर होते ते दिसते.

यात तिसरेही एक पुस्तक आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही देवरुखच्याच, त्याही तरुणपणी विधवा झाल्या, पदरी मुलगा. डोळ्यांसमोर बहिणीचे उदाहरण होते, तरी त्यांनी पुनर्विवाह केला नाही. त्या आश्रमात शिकल्या, शिकवू लागल्या, संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. पुढे इंग्रजी यावे म्हणून १९१८ साली थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यांची 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाली. एकाच घरातल्या दोन मुली; एकीने कुंकू पुन्हा लावले, दुसरीने नाही, आणि दोघी उभ्या राहिल्या. आपल्या कथेच्या साच्यात पार्वतीबाईंना बसवायचे म्हटले तर त्या अपूर्ण ठरतील. त्यांचे पुस्तक वाचणारा कोणी त्यांना अपूर्ण म्हणेल असे वाटत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घराघरांत वाचली गेली आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यातच लिहिते. तिथे तर नवरा गेला तो मरणाने नव्हे. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला. पुढची काही वर्षे ताटातूट, आणि मग त्याच माणसाशी पुन्हा संसार. आधी स्वतःचा धर्म राखून त्या त्याच्याजवळ राहिल्या, पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुःखानंतरचे प्रेम नव्याच माणसाकडून मिळते असे नाही, हे यातून दिसते. आणि त्या हसतात किती! सोसलेल्या दिवसांवर हसू येणे ही बरे होण्याची जेवढी पक्की खूण आहे, तेवढी मला दुसरी माहीत नाही.

हे सगळे जुने झाले, आता त्याचे काय, असे कोणी म्हणेल. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेला ठराव करावा लागला की, नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र काढू नये. बायांचे लग्न होऊन एकशे एकोणतीस वर्षे झाली होती. गावाने धैर्य दाखवले, त्याचे कौतुक आहेच. पण त्या ठरावात लग्नाचा शब्द नाही, हेही पाहण्यासारखे आहे. गावकऱ्यांनी बाईची घरातली आणि चारचौघांतली जागा तेवढी धरून ठेवली. आमच्या कथाकारांच्या आधी ही गोष्ट त्यांना समजली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढच्या वर्षीच्या अंकासाठी अशी कथा कोणी लिहायला घेणार असेल, तर एक सुचवावेसे वाटते. अक्षता पडल्यावर लेखणी खाली ठेवू नये. तिथून ती उचलावी. १८९३ च्या त्या लग्नाच्या वेळी राधाबाईंचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. आई जाऊन दोन वर्षे झालेली. नव्या आईचे वय अठ्ठावीस, आणि आई व्हायची सवय तिला मुळीच नाही. वडील सकाळी कॉलेजात निघून गेले आहेत. त्या घरात पहिल्या दिवशी ताट वाढताना ती त्याला काय म्हणाली असेल, आणि तो तिला कोणत्या नावाने हाक मारणार होता?