टोपलीभर मातीचे वजन

रायपुरास बदलून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांची सकाळ मोबाइलवरील बातम्या वाचण्यातच सरते आणि स्वतःचे चार शब्द लिहावयाचे राहून जातात. अशांनी माधवराव सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा अवश्य वाचावी. घरची भाषा मराठी असलेल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्यातच १९०१ साली ही कथा आली. जमीनदार न्यायालयातून एका विधवेच्या झोपडीचा ताबा मिळवितो. बातमी एवढ्यावरच संपली असती. कचेरीतील टिपणीही येथेच संपते. सप्र्यांची कथा मात्र येथून रंगास चढते. विधवेने चुलीसाठी मागितलेली टोपलीभर माती जमीनदारास उचलवत नाही आणि त्यास आपल्या अन्यायाचे ओझे उमगते. हा पालट फार चटकन होतो, हे कथेचे वैगुण्य खरे. परंतु टोपलीचे वजन वाचकाच्या हातास जाणवते, आणि ते वजन कोणत्याही वृत्तात सापडावयाचे नाही. वृत्तवाचन सोडावे असे मी म्हणत नाही. मात्र दिवसाकाठी एका बातमीपाशी थांबून, आपल्याच हातून निकालात निघालेल्या एखाद्या प्रकरणाविषयी चार ओळी लिहून पाहाव्यात. त्या लिहिताना हात जड झाला, तर लेखन ठीक चालले आहे असे समजावे.