वेबसाइटला गुण दिले, मुलींना विचारायचं राहिलं

गेल्या गणपतीत केळशीला मामाकडे गेले होते. नववीतल्या मामेबहिणीने मला हळूच मागच्या पडवीत नेलं. "ताई, पाळी पुढे ढकलायची गोळी शेजारच्या काकूंनी दिलीय. घेऊ का?" तिने आईच्या मोबाइलवर शोधलं होतं, पण आईला दिसेल म्हणून अर्धवट वाचून पुसूनही टाकलं होतं. मी सांगितलं, की ही गोळी संप्रेरकाची असते. रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार असेल तर ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. ती म्हणाली, "पण काकूंना नाही कसं म्हणू?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण पीएच.डी.साठी मी जे पेपर वाचते, त्यात तो कुठेच नसतो.

या विषयावरच्या पेपरांचा एक ठरलेला साचा आहे. शोधयंत्रात काही शब्द टाकायचे, वर आलेल्या वेबसाइट घ्यायच्या, दोन परीक्षकांनी 'डिस्कर्न' प्रश्नावलीने गुण द्यायचे, दोघांचं किती जुळलं ते 'कप्पा'ने मोजायचं आणि लिहायचं: दर्जा मध्यम. पद्धत स्वस्त आहे आणि दुसऱ्याला ती पुन्हा करून बघता येते. मी तिला टाकाऊ म्हणत नाही. पण ती नेमकं काय मोजते, ते बघू.

एक, डिस्कर्न हे १९९० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये तयार झालेलं साधन. त्यात १६ प्रश्न आहेत, आणि ते उपचारांच्या पर्यायांविषयीच्या माहितीसाठी आहेत. किशोरांचा प्रश्न बऱ्याचदा "हे नॉर्मल आहे का?" एवढाच असतो. तिथे उपचारच नाही, त्यामुळे नीट उत्तर देणारं पानही कमी गुण मिळवतं.

दोन, वाचनसुलभता. फ्लेश-किंकेडचं सूत्र शब्दातले उच्चारखंड आणि वाक्याची लांबी मोजतं, आणि त्यातले स्थिरांक इंग्रजीवरून काढलेले आहेत. मराठीत 'शाळेतल्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द होतो. सूत्राला तो अवघड वाटेल, चौथीतल्या मुलाला नाही. म्हणून मराठी मजकुरावर हे सूत्र लावलेलं दिसलं, की थांबा.

तीन, शोधतं कोण? प्रयोगशाळेत बसलेला संशोधक, शुद्ध इंग्रजी शब्द टाकून. माझ्या बहिणीने रोमन अक्षरांत मराठी टाइप केलं होतं. तिच्यासमोर आलेली यादी संशोधकाच्या यादीशी जुळेलच, असं कशावरून?

मग पोहोच. एनएफएचएस-५ (२०१९–२१) नुसार देशातल्या ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के आणि पुरुष ४८.७ टक्के. हा आकडा १५ ते ४९ वयाचा आहे. तो 'किशोरींचा' म्हणून प्रस्तावनेत चिकटवू नका. शिवाय 'कधीतरी वापरलं' म्हणजे 'एकटीने, न घाबरता वापरलं' असं होत नाही.

माहिती मराठीत देणं मुळात अशक्य आहे, असंही नाही. केळशीच्याच दापोली तालुक्यातल्या मुरुडचे र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवत होते आणि वाचकांच्या प्रश्नांना थेट उत्तरं देत होते. त्यावरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तिथे सुरुवात वाचकाच्या प्रश्नापासून व्हायची. आपले पेपर सुरुवात वेबसाइटपासून करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत निर्णय घेणं, चिकित्सक विचार आणि परिणामकारक संवाद येतात. "काकूंना नाही कसं म्हणू" हा संवादाचा प्रश्न आहे. पान कितीही अचूक असलं, तरी वाचून हे जमेलच असं नाही. ते बोलून, सराव करून येतं. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 'साथिया' म्हणून समवयस्क मुलंमुली नेमण्याची सोय आहे, ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. वेबसाइट त्या साथियाच्या हातातलं साधन व्हावी, त्याची जागा घेऊ नये.

तुम्ही या विषयात उतरणार असाल, तर माझी सूचना अशी: गुण देण्याआधी दहा-पंधरा मुलामुलींना एक प्रश्न द्या आणि ते कसे शोधतात, कुठे थांबतात, कशावर विश्वास ठेवतात, ते बघा. नैतिकतेची अडचण येईल. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागते आणि मुलांचाही होकार लागतो. म्हणजे ज्यांच्या घरी हा विषय बोललाच जात नाही, त्या मुली सॅम्पलमधून गळण्याची शक्यता जास्त. ही मर्यादा शेवटच्या परिच्छेदात लपवू नका, आराखडा करतानाच मांडा.

बहिणीने गोळी घेतली नाही. काकूंना काय सांगायचं, ते आम्ही दोघींनी पडवीत बसून दोनदा बोलून बघितलं. त्याला डिस्कर्नमध्ये किती गुण मिळतील, मला माहीत नाही.